बिन कार्ड

लॅमिंग्टन रोडवरून साडेतीन हजारांत आणलेला डबा
प्रतीक्षानगरच्या खोलीत
आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर बसलाय.
त्यातली सिस्टीम मी बांधली,
सोर्सपासून, एकेक वीट घरी भाजून,
पाच महिने.
कंपायलर कंपाइल करायलाच चार तास.
पहाटे साडेचारला नळ यायचा तेव्हा
एक डोळा पिंपावर, एक पडद्यावर.

बाकीच्यांच्या मशीनला मॅनेजर असतो.
एक नाव टाइप करा, तो घेऊन येतो,
मागोमाग त्याचे मेहुणे, साडू, साडूचे भाचे,
आणि कोण कुठे झोपलं ते लिहून ठेवतो.
माझ्याकडे तसं कोणी नाही.
मेक इन्स्टॉल म्हटलं की फायली सुटायच्या,
दोन बिनमध्ये, एक लिबमध्ये,
सतरा शेअरच्या पोटात कुठेतरी,
आणि मला वाटायचं, राहील लक्षात.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी
जुनी दिसली म्हणून एक लायब्ररी उडवली.
नवी होतीच की शेजारी.
एंटर.
मग एलएस चालेना. सीपी चालेना.
ज्याला हाक मारावी तो
'सापडत नाही' एवढंच सांगून गप्प.
काय सापडत नाही ते मला माहीत होतं.
मीच टाकलं होतं ते.
कर्सर मात्र लुकलुकत होता,
मयताच्या घरी चालू राहिलेल्या पंख्यासारखा.

बाबा जागे होते.
बेस्टच्या डेपोत एकतीस वर्षं सुट्या भागांचं स्टोअर सांभाळलं,
तिथं त्यांना कोचरेकर कमी, 'चिठ्ठी कुठाय' जास्त म्हणत.
कॉम्प्युटर त्यांना कळत नाही, कळून घ्यायचाही नाही.
काय काढलंस?
एक जुना भाग.
कुणाकुणाला लागत होता?
बघितलं नाही.
कार्डावर नव्हतं?
कसलं कार्ड?

बिनचिठ्ठीच्या फिटरकडे बघावं
तसं बघितलं माझ्याकडे.
मग पलंगाखालून ट्रंक ओढली.
पिवळट पुठ्ठा, भोकात अजून सुतळी.
आला. दिला. शिल्लक. सही.
आणि पाठीमागे, साहेबानं न छापलेला,
त्यांनीच पट्टीनं आखलेला एक रकाना:
'कुणाचं अडेल'.
तो सगळा पेन्सिलीत.
पेन्सिल का?
गाड्या बदलतात, म्हणाले, आणि झोपायला गेले.

सिस्टीम मी पेनड्राइव्हवरून उठवली.
उठली, पण लंगडत.
मग पुन्हा पहिल्यापासून.

आता प्रत्येक पॅकेजला स्वतःचं खातं आहे.
झेडलिब नावाचं कुणीतरी त्या डब्यात राहतं,
त्याच्या फायली त्याच्या नावावर.
शेजाऱ्याच्या फायलीला हात लावला
तर सिस्टीमच म्हणते, परवानगी नाही.
एकशे बारा जण राहतात तिथे.
एकालाही पासवर्ड नाही,
म्हणजे आत शिरून कुणी बसत नाही.
शिवाय एक लांबुळकी वही.
डाव्या पानावर आवृत्ती, तारीख, किती मिनिटं लागली,
उजवं पान पेन्सिलीचं.
काही काढायचं झालं की आधी उजवं पान वाचते,
आणि बऱ्याचदा काढायचं राहूनच जातं.

काल रात्री सहज विचारलं मशीनला,
कुणाच्याच नावावर नाही असं काही आहे का?
एक निघालं.
चाळीस बाइट. तारीख मागच्या पावसाळ्यातली.
कुणी आणलं, कशासाठी,
वहीत नाही, आठवत नाही.
डिलीटवर बोट ठेवून बाबांना सांगितलं.

ते पिंपाचं झाकण पुसत होते.
ज्याचं कार्ड नाही तो माल वापरायचा नाही,
टाकायचाही नाही.
वेगळ्या फळीवर ठेव.
कधीतरी कुणीतरी चिठ्ठी घेऊन येतो.

आलं होतं कुणी, एकतीस वर्षांत?

एकदा, म्हणाले. नळ बघ.